तीन जुन्यांवर एक नवी

निवृत्तीच्या दिवशी मी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या होत्या. एक, सकाळी सातच्या आधी उठायचं नाही. दोन, आता कुणावर ओरडायचं नाही. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर म्हणून काढली की आवाज कायमचा चढलेला राहतो. जेवताना मीठ मागितलं तरी समोरचा दचकतो. पहिला नियम चार महिने टिकला. दुसरा चार दिवससुद्धा नाही, कारण घरात आमचे हे होते.

एका दुपारी ओळखीचे डॉक्टर घरी आले. पूर्वी आमच्याच दवाखान्यात होते, आता एका संस्थेचं काम बघत होते. म्हणाले, सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत, नशेची इंजेक्शनं घेणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी एक खोली उघडायची आहे. तिथं त्यांना कोऱ्या सिरिंज द्यायच्या आणि वापरलेल्या परत घ्यायच्या. सांभाळायला कुणीतरी अनुभवी सिस्टर पाहिजे.

मी भडकलेच. "म्हणजे नशा करायला सुया आपणच पुरवायच्या?" त्यांच्या हातातला चहाचा कप काढून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "सिस्टर, तुमच्या वॉर्डात शेवटी शेवटी शेजारशेजारच्या खाटांवर दोन पोरं होती, आठवतात?"

आठवत होती. एकाच गल्लीतली, एकच सिरिंज दोघांत वापरणारी. एकाच्या रक्तातला आजार सुईबरोबर दुसऱ्याच्या रक्तात गेला होता. दोघांच्याही आयांना निरोप सांगायची वेळ माझ्यावर आली होती. पन्नास पैशाच्या गोळीइतकी किरकोळ वस्तू, एक कोरी सुई, वेळेवर हातात असती तर दुसरा तरी वाचला असता. नशा सोडवणं पुढची गोष्ट. आधी माणूस जिवंत तर राहू दे. मी डॉक्टरांना आणखी चहा दिला आणि हो म्हणाले.

आमचे हे पेपर खाली न घेता म्हणाले, "इतकी वर्षं दवाखान्यातल्यांना टोचलं, आता सबंध शहराला टोचा."

श्रावणात खोली मिळाली. पूर्वी तिथं दोन माग चालायचे. माग भंगारात गेले होते, पण फरशीत त्यांचे बोल्ट तसेच वर आलेले, त्यामुळं पहिल्या आठवड्यात मी तीनदा ठेचाळले. वर पत्रा. पुढचं दार गल्लीत उघडायचं आणि मागचं दार एका मोकळ्या मैदानात. मैदानात बांबू रोवून त्यावर रंगवलेल्या सुताच्या लड्या वाळत घातलेल्या असायच्या, लाल, हिरव्या, गर्द निळ्या. मला ती खोली पाहताक्षणी आवडली. पोलीस ठाण्याला पत्र देऊन झालं, सिरिंजचे खोके आले, वापरलेल्या सुया टाकायचे पांढरे जाड डबे आले. पाटीवर काय लिहायचं यावर दोन दिवस खल झाला आणि शेवटी "आरोग्य सल्ला केंद्र" असं लिहिलं.

त्या पाटीनं घात केला. तीन आठवडे वस्तीतले सगळे म्हातारे बीपी मोजायला येत राहिले. सकाळी दहाला रांग लागायची. एकाचं बीपी वाढलेलं निघालं की दुसऱ्याला आपलं नॉर्मल निघाल्याचं वाईट वाटायचं, पुन्हा मोजा म्हणायचा. ज्यांच्यासाठी खोली उघडली त्यांतला एकही उंबऱ्याच्या आत आला नव्हता.

चौथ्या आठवड्यात त्या रांगेत एक चाळिशीचा उंच माणूस उभा दिसला. मागांचा जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा कारागीर. एके काळी त्याला न्यायला कारखानदार स्वतः स्कूटर घेऊन यायचे, असं मागाहून कळलं. भर उकाड्यात त्याच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून बंद होत्या. मी म्हणाले, "बाही वर कर." त्यानं केली नाही. नुसता माझ्याकडं बघत राहिला. मला कळलं. मी बीपीचं मशीन बाजूला सरकवलं आणि सिरिंजची चार पाकिटं त्याच्यापुढं ठेवली.

"ह्याला काय द्यावं लागतं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. वापरून झाली की परत आणून दे. इथं तिथं टाकू नको."

दुसऱ्या दिवशी तो आणखी तिघांना घेऊन आला. दिवाळीपर्यंत तीसेक जण झाले. मला इतका आनंद झाला होता की मी घरी जाऊन शिरा केला. आमच्या ह्यांनी तो मुकाट्यानं दोनदा घेतला.

पण एक घोडं अडलं होतं. नव्या सिरिंज जात होत्या, जुन्या परत येत नव्हत्या. आमच्या प्रशिक्षणात पक्कं सांगितलं होतं, जुनी मागा, पण जुनी नाही म्हणून नवी अडवू नका. अडवली तर माणूस दुसऱ्याची वापरतो. मी मागायचे. कधी समजावून, कधी आवाज चढवून. सगळे मान डोलवायचे, "आणतो सिस्टर" म्हणायचे, आणि विसरायचे. त्या जुन्या सुया जात कुठं होत्या, हे मला अम्मांनी दाखवलं.

अम्मा म्हणजे मैदानाच्या पलीकडल्या घरातल्या थोरल्या बाई. मूळचं तेलुगू विणकर कुटुंब, तीन पिढ्या सोलापुरात. वाळत घातलेलं सूत त्यांच्याच घरचं. अम्मा दिवसभर दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायच्या आणि बोटं चालू ठेवून आमच्या मागच्या दाराकडं बघायच्या. एका सकाळी त्या सरळ आत आल्या आणि माझ्या टेबलावर एक वापरलेली सिरिंज ठेवली. आत पाणी होतं.

"माझी नात ह्याच्यानं पिचकारी खेळत होती, सिस्टरम्मा," अम्मा म्हणाल्या. "मैदानातनं उचलली."

मी तशीच त्यांच्या घरी धावले. नातीचे दोन्ही हात मी धुऊन, उजेडात धरून, बोट न बोट तपासले. कुठं टोचलं नव्हतं. नंतर रक्ताची तपासणीही करून घेतली, ती नीट आली. पण अम्मांचं सगळं बरोबर होतं, आणि आपण चुकलो हे कळलं की माझा राग स्वतःवरच निघतो.

संध्याकाळच्या आत गल्ली गोळा झाली. खोली बंद करा, असं सगळ्यांचंच म्हणणं होतं. मी दाराशी उभी राहून वॉर्डातला आवाज लावला, काही उपयोग झाला नाही. शेवटी अम्मा पुढं होऊन बोलल्या.

"ह्या मैदानातनं मी जन्मभर अनवाणी चालले. चप्पल माहीत नव्हती. आता दोन वर्षं झाली, अंगणातनं खाली उतरताना चप्पल घालावी लागते. अक्षतेला जातानासुद्धा."

सोलापुरात संक्रांतीच्या सुमाराला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. जत्रेला आम्ही गड्डा म्हणतो. यात्रेत देवाच्या लग्नाचा सोहळा होतो, त्याला लोक अक्षता टाकायला जातात. अम्मा त्या दिवशी घरापासून अनवाणी जायच्या, लग्न होऊन आल्यापासून. मैदान ओलांडायचं, आमच्या खोलीशेजारच्या बोळातून मोठ्या रस्त्याला लागायचं.

"ह्या वर्षी मी चप्पल घालणार न्हाई," अम्मा म्हणाल्या. "अक्षतेच्या दिवशी माझ्या दारापासनं तुमच्या दारापर्यंत अनवाणी येणार. पायाला एक सुई लागली, खोली बंद. न्हाई लागली, तर राहा की."

गल्लीला हे पटलं. मी म्हणाले, "अम्मा, असला खेळ करू नका. एका सुईनं काय होतं हे मी बघितलंय. चप्पल घालून या, काठीनं उकरून बघा, हवं तर मला चालायला लावा."

"वद्दु," अम्मा म्हणाल्या. नको, म्हणजे नकोच. आणि सूप उचलून घरी गेल्या.

आता हातात दोन महिने होते. मी माणसांना रागावून बघितलं, हात जोडून बघितलं, जुन्या सुयांसाठी दाराबाहेर एक डबा ठेवून बघितला. त्यात कुणीतरी केळाची सालं टाकली.

ह्याच दिवसांत भांडेवाली आमच्या दारात बसायला लागली. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणारी, डोक्यावर मोठी पाटी, खांद्यावर गाठोडं. दुपारी आमच्या दाराच्या सावलीला पाटी उतरवून भाकरी खायची. पन्नाशीची असेल, आवाज माझ्याहून मोठा. चार दिवस तिनं आमचा व्यवहार नुसता बघितला. पाचव्या दिवशी म्हणाली, "बाई, तुमास्नी धंदा येत न्हाय."

मी म्हणाले, "हा धंदा नाही. ही सेवा आहे."

"आसू द्या की. देता न्हवं? घेता न्हवं? मग घासाघीस कुटं हाय? फुकट घेतल्याली वस्तू मानूस फेकून देतो. घासाघीस करून घेतली की ती त्याची हुती." मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता सहज सांगितलं, "माजा धाकला भाऊ ह्या सुईपायीच गेला, बाई. तवा आशी खोली आसती तर म्याच हात धरून आनला आसता."

मी डॉक्टरांना सांगून तिला कामावर घेतलं. वस्तीतल्या सगळ्या गल्ल्या तिला पाठ होत्या, कुठल्या आडोशाला कोण बसतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिला दोन दिवस शिकवलं. सुईला हात लावायचा नाही, ज्यानं आणली त्यानंच डब्यात टाकायची, नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही. तिनं सगळं पाठ म्हणून दाखवलं. तिसऱ्या दिवशी पन्नास कोऱ्या सिरिंज आणि एक पांढरा डबा घेऊन ती पहिल्यांदा फिरतीवर गेली.

परत आली ती छाती पुढं काढून. डबा जुन्या सुयांनी गच्च भरला होता. मला रडू यायचं बाकी राहिलं. अडीच महिन्यांत मला जेवढ्या मिळाल्या नव्हत्या तेवढ्या ह्या बाईनं एका दुपारी आणल्या! मी तिला मिठीच मारणार होते, तेवढ्यात तिची पिशवी बघितली. कोऱ्या सिरिंज बहुतेक सगळ्या तशाच होत्या.

"ह्या वाटल्या का नाहीस?"

"वाटल्या की. तीन जुन्यांवर एक नवी," ती म्हणाली. "एक जन चारावर तयार हुता, पर म्या म्हनलं जाऊ द्या, पयलाच दिस हाय. आन् एकाची सुई वाकडी हुती, ती म्या धरलीच न्हाय. फाटकं लुगडं आमी घेतो व्हय?"

मी जी ओरडले, ती पत्र्यावरची कबुतरं उडाली. "अगं बाई, हे पातेलं नाही! कोरी सुई अडवायची नाही, कितीदा सांगितलं! तुला जुन्या मिळाल्या, पण त्या माणसांनी आज काय वापरलं असेल?" माझा आवाज ऐकून बीपीवाले दोघे म्हातारे रांग सोडून घरी गेले. तिचा चेहरा उतरला. तिला खरंच वाटलं होतं की तिनं माझा फायदा करून दिला. इतकी वर्षं पोट ज्यावर भरलं ती एकच रीत तिला येत होती, आणि तिनं ती जीव लावून चालवली होती. मी लगेच तिला नव्या सिरिंज घेऊन परत पाठवलं, जाऊन सगळ्यांना हव्या तेवढ्या देऊन ये म्हणून. ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधीच बाहेर सात-आठ जण उभे. पुढं जॉबर, हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. "ती भांडीवाली मावशी कुटाय?" त्यानं विचारलं. "काल आधी माझ्याकडं दोनच हुत्या म्हणून मला माघारी लावलं, मग सांजच्याला फुकट देऊन गेली. आज बघा म्हणावं."

डब्यात चाळीसेक जुन्या सुया होत्या.

"एवढ्या कुठून आणल्यास?"

"मैदानातनं. पहाटेधरनं येचतोय."

"कशानं वेचल्यास?"

त्यानं दोन्ही हात पुढं केले. उघडे.

मी परत ओरडले, हे सांगायला नकोच. त्याचे हात धुतले, तपासले, सगळ्यांना ओळीत बसवून अर्धा तास बोलले. पण ओरडता ओरडताच मला दिसत होतं, की हे सगळे हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. आमच्या खोलीत ते मान खाली घालून यायचे आणि फुकटचं घेऊन मान खाली घालून जायचे. कालच्या दुपारी कुणीतरी त्यांच्याशी भाव केला होता. भाव ज्याच्याकडं काहीतरी आहे त्याच्याशीच करतात.

मी भांडेवालीला आत बोलावलं. कालच्या ओरडण्याबद्दल चूक कबूल केली, जी मी सहसा करत नाही, आमच्या ह्यांना विचारा. मग आम्ही दोघींनी मिळून नवी रीत ठरवली. कोऱ्या सिरिंज पाहिजे तेवढ्या, फुकट, काही न विचारता. त्यात घासाघीस नाही. आणि मैदानातून, आडोशातून वेचून आणलेल्या जुन्यांवर भांडी. त्यात पाहिजे तेवढी घासाघीस. डॉक्टरांना फोन केला. ते आधी बराच वेळ हसले, मग म्हणाले, करून बघा. भांड्यांचा खर्च, जाड हातमोजे आणि बूट त्यांनी पाठवले. सुया उचलायला लांब चिमटे भांडेवालीच्या पाटीतूनच निघाले. चपात्या भाजायला ठेवलेले चिमटे असे कामाला येतील हे तिलाही वाटलं नव्हतं.

मग आमच्या मागच्या दारात रोज सकाळी जो बाजार भरायचा, तो बघायला मी सातच्या आत उठायला लागले. भांडेवाली पाटी मांडून बसायची. समोरचा आपला डबा दाखवायचा. ती लांबूनच बघून नाक मुरडायची. "एवढ्यावर वाटी? चमचा घे." "मावशी, कालच्याला वाटी दिलीस की." "त्येच्या डब्यात लई हुत्या." "अगं, मी गटाराकडनं आनल्यात, तितं कोन जात न्हाय!" "बरं, गटाराची एक वाटी." दोघंही भांडून भांडून खूश. हातमोजे, बूट आणि चिमटा नसेल त्याच्याशी बोलायचं नाही, हा माझा एकच कायदा होता, आणि तो ती माझ्याहून कडक पाळायची.

जॉबरनं तर मैदानाचा माग करून टाकला. अम्मांच्या बांबूंना टाकाऊ सुताच्या दोऱ्या बांधून त्यानं सगळ्या मैदानाचे पट्टे पाडले, एका पट्ट्यात एक माणूस. "उभ्या धाग्यातला एक जरी तुटला तर सगळ्या टॉवेलला रेघ पडती, सिस्टर," तो म्हणाला. "घाई न्हाय करायची. एकेक बघत जायाचं." तो वाकून चालायचा तेव्हा त्याच्यातला जुना कारागीर दिसायचा. हे सगळं चालू असताना तो नशा करतच होता, ते लपवण्यात अर्थ नाही. पण आपली सुई वापरत होता, कोरी, आणि वापरलेली डब्यात टाकत होता. मला त्या वेळी तेवढं खूप होतं.

एका दुपारी त्याची बायको आली. पदराखाली काहीतरी झाकलेलं. तिनं ते माझ्या टेबलावर ठेवलं. स्टीलचा तांब्या होता, चकचकीत.

"सिस्टर, खरं सांगा. ह्यांनी हे कुटनं चोरलं?"

"चोरलं नाही. कमावलंय." मी तिला सगळी हकिगत सांगितली.

ती म्हणाली, "आमच्या घरातली समदी भांडी ह्यांनी इकली. लग्नातली घागर, परात, डबे. मी पानी पेते ते प्लास्टिकच्या मगात. काल ह्यांनी हे आनून ठेवलं आन् काय न बोलता झोपले. मला वाटलं, आता पोलीस येनार." तिनं तांब्या परत पदराखाली घेतला आणि दारात थांबून विचारलं, "पाटीत परात हाय का हो? कितीला बसती, तेवढं त्या मावशीला इचारून ठेवा. मी ह्यांना सांगते."

मी आणि भांडेवाली दोघीही इतक्या हसलो की डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

डिसेंबर संपता संपता मैदानात वेचायला काही उरेना. नव्या पडत नव्हत्या, कारण टाकणारेच आता वेचणारे होते. कुणाच्या डब्यात एखादी सुई दिसली की बाकीचे हेव्यानं बघायचे. जॉबर मात्र रोज सगळे पट्टे परत चालायचा. अम्मा समोरून विड्या वळत सगळं बघायच्या, बोलायच्या नाहीत. सुताच्या दोऱ्या बांबूंना बांधल्या म्हणून एकदा तक्रार करतील असं वाटलं होतं, तीही केली नाही. मला त्यांच्या गप्प बसण्याची धास्ती वाटायची.

अक्षतेचा दिवस उजाडला. आदल्या दिवशी जॉबर आणि बाकीच्यांनी मैदान तीनदा पालथं घातलं होतं, तरी मला धीर नव्हता. वाळू नाही, फरशी नाही, माती आहे. मातीखाली काय राहिलं असेल कुणी सांगावं. सकाळी मी पुन्हा अम्मांकडं जाऊन विनवलं. त्या न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू तुझ्या दारात जाऊन उभी राहा."

आमच्या मागच्या भिंतीला टेकून आमचे तीसेक जण उभे होते, आंघोळ करून, केसांना तेल लावून. गल्ली सगळी बोळात जमली होती. भांडेवालीनं पाटी आणलीच नव्हती. मी हातात ड्रेसिंगचा ट्रे घेऊन दारात उभी होते. खोली जाईल ही भीती होतीच, पण त्या म्हातारीच्या पायाची भीती जास्त होती. भिंतीजवळच्या त्या माणसांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. सुई कशी लागते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

अम्मा अंगणातून उतरल्या. वाकून चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या.

तेवढ्यात भिंतीपासून जॉबर सुटला. मैदानाच्या कडेकडेनं लांब ढांगा टाकत पलीकडं पोहोचला, अम्मांपुढं उभा राहिला आणि त्यानं स्वतःच्या चपला काढल्या. तुटक्या स्लिपर होत्या, एकीचा पट्टा सुतळीनं बांधलेला. त्या त्यानं अम्मांच्या चपलांशेजारी ठेवल्या.

"थांबा अम्मा," तो म्हणाला. मैदान एवढं शांत होतं की आम्हाला सगळं ऐकू आलं. "मी पुढं चालतो. तुमी माज्या पावलावर पाऊल टाका. आसली तर मला लागंल."

अम्मांनी होकारार्थी मान हलवली.

तो चालायला लागला. दोऱ्या काढलेल्या, पण त्याला पट्टे पाठ होते. पाऊल पूर्ण टेकायचा, अंगाचा भार द्यायचा, क्षणभर थांबायचा, मग दुसरं पाऊल. त्याच्या मागं अम्मा, लुगडं जरा वर धरून, त्याच्या मोठ्या पावलांत आपलं छोटं पाऊल ठेवत. दोन्हीकडं लाल, निळ्या लड्या वाऱ्यानं हलत होत्या. मधे एकदा तो थांबला, खाली बघितलं, खडा होता. त्यानं तो पायानं बाजूला केला आणि पुढं निघाला.

दोघं आमच्या दाराशी पोहोचले. सगळे अम्मांच्या पायांकडं बघत होते. मी ट्रे खाली ठेवून पुढं झाले, "बसा अम्मा, पाय बघू द्या," म्हणाले.

अम्मांनी मला हातानं थांबवलं. भिंतीला धरून त्या हळूहळू खाली बसल्या आणि जॉबरच्या घोट्याला हात लावला.

"वर कर," म्हणाल्या.

तो गोंधळला. त्यानं एक पाय वर केला. अम्मांनी आपल्या पदरानं तळव्याची माती पुसली, डोळे बारीक करून टाचेपासून बोटांपर्यंत बघितलं, भेगांवरून अंगठा फिरवला. मग दुसरा पाय. भिंतीवर हात टेकून तो एका पायावर उभा होता आणि लहान मुलासारखा रडत होता. डोळे पुसून पुसून त्याच्या बंद बाह्या ओल्या झाल्या.

"काय न्हाई लागलं," अम्मा म्हणाल्या. "भेगा लई पडल्यात. खोबरेल लाव."

मग त्या उठल्या, लुगडं झटकलं, आणि माझ्या ट्रेकडं न बघता बोळातून अक्षतेला निघून गेल्या. स्वतःचे पाय त्यांनी बघितलेच नाहीत.